जुने महजर वाचताना या चुका टाळा

"पाटलाने भर सभेत राजीनामा दिला आणि मान खाली घालून तो निघून गेला." गेल्या पावसाळ्यात एका होतकरू लेखकाच्या हस्तलिखितात हे वाक्य वाचलं आणि पुढची चाळीस पानं फुकट गेली हे लगेच कळलं. त्याच्याकडे पाटीलकीच्या भांडणाचा महजर, म्हणजे सभेने केलेल्या निवाड्याचा कागद होता, तोही नीट छापलेला. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी राजीनामा दिल्याचं त्यात स्पष्ट होतं. गोतसभा, म्हणजे न्यायाला बसलेली गावकरी-वतनदारांची सभा, जो निवाडा करील तो आम्हांस मान्य, असं आधीच लिहून द्यायचा तो कागद. त्या पाटलाने वतन सोडलं तर नव्हतंच, शेवटी निवाडाही त्याच्याच बाजूने झाला होता. इथे मात्र तो पहिल्याच प्रकरणात परागंदा! शेवटपर्यंत वाचलास का, असं विचारलं तर म्हणाला, "शब्द ओळखीचे होते सर, म्हणून भरभर पुढे गेलो."

हे ओळखीचे शब्दच घात करतात. निवाड्याच्या कागदात 'गुन्हेगारी' घेतली असं येतं, तेव्हा तो हरलेल्याकडून घेतलेला दंड असतो. 'हरकी' ही लाच नाही. जिंकलेल्याने सरकारात भरायची ती रक्कम. 'जामीन' म्हणजे हमी घेणारा माणूस. हजर राहण्याची हमी घेणारा हाजिरजामीन वेगळा, चांगल्या वागणुकीची हमी घेणारा वर्तनजामीन वेगळा. फारसी शब्द अडला की आपण कोश उघडतो, पण मी ओळखीचा वाटलेला शब्दही मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात पाहतो. रोज पाहतो. वेळ जातो, जाऊ द्या.

दुसरी चूक 'दिव्या'ची, म्हणजे खरंखोटं ठरवायला घेतलेल्या अग्निपरीक्षेसारख्या कसोटीची. नवा लेखक महजर हाती आला की आधी दिव्य शोधतो, कारण तिथे उकळतं तेल आहे. म्हणून कथांमध्ये चोर सापडला की त्याचा हात थेट कढईत जातो. प्रत्यक्षात आधी दोघांचे करीने, म्हणजे हकिगती घेत, जुने कागद पाहत, शेजारगावच्या पाटलांना आणि बलुतेदारांना साक्षीला बोलावत. एवढं करूनही खरंखोटं ठरेना, तेव्हा दिव्याची पाळी. रवादिव्यात तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा. त्याआधी हात धुऊन नखं काढत आणि हातांवर आधीचे व्रण आहेत का ते पाहत. नंतर हातांना पिशव्या बांधून त्यावर मोहर करत आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमक्ष पिशव्या सोडत. हाताला इजा नसेल तर माणूस खरा. गावाचा जीव टांगणीला लागलेले हे मधले दिवस कोणी लिहीतच नाही! मला तर सगळ्या खटल्यात तेच महत्त्वाचे वाटतात.

तिसरी चूक सालांची. इसवी सन काढताना शक सालात डोळे मिटून ७८ मिळवू नका; पौष-माघात बहुधा ७९ लागतात.

शुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिलेलं साल, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण ते साल मृगाला बदलतं. 'सीत अर्बैन अलफ' म्हणजे १०४६, म्हणून मे १६४५ ते मे १६४६. बोटांवर मोजा, पण मोजा.

हाजीर मजालसीची, म्हणजे सभेला हजर असलेल्यांची यादी गाळू नका. मी महजर तिथूनच वाचायला घेतो. कोण बसलं होतं हे कळल्याशिवाय निवाडा कळत नाही. सहीऐवजी काढलेल्या निशाण्याही पाहा: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. लिहिता न येणाऱ्या माणसांनी न्यायात घेतलेला भाग तिथे दिसतो.

आणि रांझ्याचा पाटील. २८ जानेवारी १६४६चं शिवाजी महाराजांचं ते पत्र सगळ्यांना पाठ आहे, पण हातपाय तोडले इथपर्यंतच. तिथला पाटील बाबाजी गुजर याच्याकडून 'बदअमल', म्हणजे गैरवर्तन झालं, चौकशी झाली, शिक्षा झाली, वतन अमानत, म्हणजे सरकारजमा झालं. कागद मात्र तिथे थांबत नाही. गोतातला सोनजी गुजर पुढे येतो, जखमी बाबाजीला आपल्या हवाली करा म्हणतो. त्याच्याकडून २०० होन घेऊन पाटीलकी त्याला दिली जाते. म्हणजे अपराध्याला जरब बसली, वतन गुजरांच्याच गोतात राहिलं आणि हातपाय गेलेल्या माणसाला सांभाळणारं घरही मिळालं. यावर्षी माझ्याकडे आलेल्या तीन लेखांत रांझे होतं. सोनजी एकातही नव्हता.