जपानात रोजचं बाहेरचं खाणं आणि घरी न्यायच्या वस्तू: नव्याने आलेल्यांसाठी

घर, बँक, सिमकार्ड, वॉर्ड ऑफिसातली नोंदणी यांबद्दल कंपनी किंवा विद्यापीठ नीट सांगतं. रोज दुपारी बाहेर काय खायचं आणि पहिल्या सुट्टीत घरी काय न्यायचं, याबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि नवी मंडळी नेमकी तिथेच अडखळतात. दोन्हीकडे कामाला येणारी सवय एकच आहे: पाकीट किंवा खोकं उलटं करून मागची बाजू वाचायची. पुढच्या चित्रावर विसंबून काहीही घेऊ नका.

आधी शाकाहाऱ्यांसाठी. इथल्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून, धुरी देऊन किसलेला बोनिटो मासा, यांचं ते सार. मिसो सूप, उदोन आणि सोबा या नूडल्सचा रस्सा, अंड्याचा रोल, शिजवलेल्या भाज्या, तेम्पुरा (पिठात बुडवून तळलेल्या भाज्या, मासे) बुडवायची वाटी या सगळ्यांत ती असते. त्यामुळे भाज्यांचा उदोन मागवला तरी त्यात मासा येतोच. काउंटरवरची व्यक्ती ‘यात मांस नाही’ म्हणते तेव्हा ती खरंच सांगत असते, फक्त मासा ती त्यात धरत नाही. म्हणून नुसतं ‘बेजितारियान’ म्हणून थांबू नका. ‘निकु, साकाना, दाशि वा ताबेरारेमासेन’ (मांस, मासा, दाशी खात नाही) असं एकेक नाव घेऊन सांगा. बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येईल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. खात्री नसलेली गोष्ट ‘चालेल’ म्हणून गळ्यात मारत नाहीत, हा इथला मोठा गुण आहे.

पाकीटबंद पदार्थांवर अॅलर्जीची यादी असते. अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड हे सक्तीने छापावेच लागतात. गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी, जिलेटिन हे ‘छापावं अशी शिफारस’ या गटात येतात. बहुतेक मोठ्या कंपन्या तेही छापतात, पण कायद्याची सक्ती नाही. आणि बोनिटो तर या यादीतच नाही. माशांपैकी साल्मन आणि मॅकरेल एवढेच यादीत आहेत. म्हणजे अॅलर्जीची चौकट कोरी दिसली तरी पदार्थ शाकाहारी ठरत नाही. वरची बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचावीच लागते. डुक्कर, गाय, कोंबडी, मासा, बोनिटो, अर्क, जिलेटिन आणि लार्ड (डुकराची चरबी) यांची जपानी अक्षरं फोनमध्ये एका चित्रात साठवून ठेवा आणि पाकिटाशी ताडून बघा. फोनचा कॅमेरा भाषांतर करतो, पण चुरगळलेल्या किंवा गोल डब्यावरच्या मजकुरात चुका करतो. डोळ्यांनी अक्षर ओळखणं जास्त भरवशाचं, आणि ही आठ-दहा अक्षरं आठवड्याभरात पाठ होतात.

आपल्यातलेच काही जुने लोक नव्यांना सांगतात, ‘एवढं कोण बघतं, चालतं.’ ज्याला चालतं त्याने जरूर खावं. पण दुसऱ्याला न सांगता खायला घालणं मला मान्य नाही, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

मांसाहार करणाऱ्यांना वाटतं की आपल्याला काहीच अडचण नाही. तुम्ही गोमांस खात नसाल तर अडचण आहेच. योशिनोया, सुकिया, मात्सुया ही स्वस्त, झटपट, चोवीस तास चालणारी दुकानं मुख्यतः ग्यूदोनवर, म्हणजे भातावरच्या गोमांसावर चालतात. हाम्बागु नावाची कटलेटसारखी वडी बहुधा गाय आणि डुक्कर यांच्या मिश्र खिम्याची असते. मोमोसारख्या ग्योझात डुक्कर असतं. बाजारातल्या तयार करी-वड्यांतही बहुतेक वेळा प्राण्यांची चरबी असते. कोंबडी हवी असेल तर ओयाकोदोन, काराआगे, याकितोरि ही नावं लक्षात ठेवा. मॅकडोनाल्ड्सचे बटाट्याचे फ्राइज इथे गोमांसाची चरबी आणि पाम तेल यांच्या मिश्रणात तळतात, त्यामुळे ‘निदान फ्राइज तरी’ हा हिशोब जपानात चुकतो. मॉस बर्गर या दुकानांच्या साखळीकडे प्राणिजन्य घटक न वापरता केलेला ग्रीन बर्गर आहे. कोकोइचिबान्या या करीच्या दुकानांच्या साखळीत नेहमीच्या करीत मांसाचा अर्क असतो, पण काही शाखांत वेगळी व्हेज करी मिळते. तिच्यावर तळलेलं काही घेऊ नका, तेल सगळ्यांना एकच.

या दुकानांत बऱ्याच ठिकाणी दाराशीच तिकिटाचं यंत्र असतं. जुन्या यंत्रात आधी पैसे टाकायचे, मग बटणं पेटतात. नव्या पडद्याच्या यंत्रात आधी पदार्थ, मग पैसे, आणि कोपऱ्यात इंग्रजीचं बटण असतं. पदार्थ निवडल्यावर आकार विचारतात: नामि म्हणजे नेहमीचा, ओओमोरि म्हणजे मोठा. पुष्कळ यंत्रं फक्त 1,000 येनची नोट घेतात. 3 जुलै 2024 ला नव्या नोटा आल्या, तेव्हापासून काही जुनी यंत्रं नवी नोट बाहेर फेकतात. तुमची नोट खोटी नाही, काउंटरवर दाखवली की बदलून देतात. सुटे पैसे आपोआप पडले नाहीत तर बटण किंवा दांडा दाबावा लागतो, तो विसरून लोक निघून जातात. टीप कुठेच द्यायची नाही.

कोनबिनीच्या, म्हणजे सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट अशा कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांच्या काउंटरवर प्रश्न ठरलेले असतात. पॉइंट कार्ड आहे का, ‘फुकुरो’ हवी का (जुलै 2020 पासून प्लास्टिक पिशवीचे पैसे लागतात, साधारण 3 ते 5 येन), गरम करून हवं का, आणि इथेच खाणार की नेणार. शेवटचा प्रश्न कराचा आहे. ऑक्टोबर 2019 पासून नेण्याच्या खाण्यावर 8 टक्के आणि बसून खाल्ल्यास 10 टक्के. नेतो म्हणून सांगून आतल्या खुर्चीत बसू नका. कुणी हटकत नाही, पण बघतात सगळे.

ओनिगिरी, म्हणजे शेवाळात गुंडाळलेला भाताचा गोळा, उघडताना नवे लोक शेवाळ फाडून ठेवतात. वेष्टनावर 1, 2, 3 छापलेलं असतं. 1 म्हणजे टोकाची पट्टी धरून मागेपुढे पूर्ण खाली ओढायची, म्हणजे वेष्टन मधून दुभंगतं. 2 म्हणजे उजवा कोपरा बाजूला ओढायचा, 3 म्हणजे डावा. भात आणि शेवाळ यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा पातळ कागद असतो, तो या दोन ओढण्यांत निघून येतो आणि शेवाळ कुरकुरीत राहतं. आधी 2 ओढलं की शेवाळ कागदाबरोबर जातं. शाकाहारात उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची ओनिगिरी त्यातल्या त्यात सुरक्षित. तरी काही कंपन्या त्यातही बोनिटोचा अर्क घालतात, तेव्हा मागची बाजू वाचाच. थंडीत सुपरमार्केटात दाराजवळ भाजलेलं रताळं, याकिइमो, मिळतं. त्यात दुसरं काहीही नसतं आणि पोट भरतं. बटाट्याचे वेफर्स घेतले तर साधे मिठाचे घ्या, कॉन्सोमे चवीत मांसाचा अर्क असतो.

कागद, डबा, काड्या टाकायला रस्त्यावर कचरापेटी मिळत नाही. जिथे घेतलं तिथेच खाऊन तिथेच टाका, नाहीतर पिशवीत घालून घरी न्या. फिरत्या पट्ट्याच्या सुशीच्या दुकानात टेबलाला लावलेला काळा नळ हात धुण्यासाठी नसतो. तो चहाच्या उकळत्या पाण्याचा आहे. लहान मुलांना त्या बाजूला बसवू नका.

आता घरी न्यायच्या वस्तू. इथे पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: जपानातली वीज 100 व्होल्टची, भारतातली 230 व्होल्टची. राइस कुकर, हेअर ड्रायर, इस्त्री, पाण्याचा फवारा मारणारी कमोडची सीट, पाठ दाबायचं यंत्र, हवा शुद्ध करायचं यंत्र, यांतलं काहीही इथलं साधं मॉडेल घेऊन जाऊ नका. दरवर्षी कुणीतरी नेतं आणि दरवर्षी कुणाच्या तरी आईच्या ओट्यावर ते पहिल्याच दिवशी जळतं. कारण साधं आहे. तापणाऱ्या तारेत खेचली जाणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज 2.3 पट झालं की वीज 5 पटींहून जास्त होते. 600 वॅटचा कुकर 3,000 वॅटच्या वर जातो, मग फ्यूज उडतो किंवा तार जळते. पिनेचा अॅडॅप्टर लावला म्हणजे झालं, हा समज घातक आहे. तो फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण कुकरला पुरेल एवढा घेतला तर तो जड आणि महाग असतो, आणि घरातलं कुणीतरी एक दिवस त्याच्याशिवाय पिन लावतंच.

खरेदीआधी वस्तूच्या तळाशी किंवा मागे चिकटवलेली पट्टी वाचा. तिथे फक्त 100 व्होल्ट लिहिलं असेल तर वस्तू खाली ठेवा. 100 ते 240 लिहिलं असेल तर चालेल. फोन, लॅपटॉप, कॅमेरा यांचे चार्जर बहुधा असे असतात. कुकर न्यायचाच असेल तर तोक्योतल्या आकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या मोठ्या दुकानांत ‘काइगाइमुके’, म्हणजे परदेशासाठी केलेली 220 ते 240 व्होल्टची मॉडेल्स मागा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न जाता खोक्यातली वस्तू काढून पट्टी स्वतः बघा. वॉरंटी देशाबाहेर लागू आहे का तेही विचारा, कारण साध्या मॉडेल्सची बहुधा नसते.

दुसरी गोष्ट करमुक्त खरेदीची. आईवडील भेटीला आले की त्यांच्या पासपोर्टवर स्वतःसाठी वस्तू घ्यायच्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. ही सवलत अल्पकाळ आलेल्या पाहुण्यांसाठी आहे, नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर राहणाऱ्यांसाठी नाही. एका दुकानात एका दिवशी कर वगळून किमान 5,000 येनची खरेदी लागते, आणि वस्तू देशाबाहेर गेलीच पाहिजे. नोंद पासपोर्टशी जोडलेली असते, आणि विमानतळावर वस्तू दाखवता आली नाही तर कर वसूल होतो, तोही आईवडिलांकडून. 1 नोव्हेंबर 2026 पासून पद्धत बदलते: आधी करासह पैसे भरायचे आणि जाताना कस्टम्सने वस्तू पाहिल्यावर परतावा मिळायचा.

खाऊ नेताना तारीख बघा. ‘नामा’ नावाच्या ओल्या मिठाया थोड्याच दिवसांत संपवाव्या लागतात. विमानतळावरच्या केकसारख्या जवळजवळ सगळ्या खोक्यांत अंडं असतं, काहींत जिलेटिनही. अंडं न खाणाऱ्या आजीसाठी योकान घ्या. लाल चवळीसारख्या आझुकीचा गर, साखर आणि समुद्री शेवाळापासून केलेलं कानतेन, एवढंच साध्या योकानमध्ये असतं, आणि बंद पाकिटात ते बरेच महिने टिकतं. माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, नेणार असाल तर छोटा डबा न्या. उघडल्यावर तो उजेडाने आणि दमटपणाने लवकर फिका पडतो.

सुरी ही माझ्या मते सर्वांत चांगली भेट, पण नीट निवडली तरच. तोक्योत उएनो आणि आसाकुसाच्या मधल्या काप्पाबाशी रस्त्यावर सुऱ्यांची दुकानं आहेत. पुष्कळ दुकानं रविवारी बंद असतात. घरच्या वापराला 165 ते 180 मिलिमीटरची सान्तोकु (सगळ्या कामांची घरगुती सुरी) आणि गंज न धरणारं पोलाद सांगा. साध्या कार्बन पोलादाची सुरी चिंच, लिंबू, कैरी कापून ओली ठेवली की तासाभरात डाग धरते. इथलं पोलाद कडक असतं, त्यामुळे धार पातळ ठेवता येते, पण नारळ, हाड किंवा गोठलेला पदार्थ कापायला गेलं की धारेचे टवके उडतात. ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट कापायचं नाही, लाकडी पाट घ्यायचा. बरोबर 1000 नंबरचा पाण्याचा धारदगड न्या आणि घरच्यांना हे सगळं दाखवून या. सुरी मोठ्या बॅगेत, मूळ खोक्यात. हातातल्या पिशवीत नाही. 6 सेंटिमीटरहून लांब पातं कारणाशिवाय जवळ बाळगणं इथे गुन्हा आहे, तेव्हा दुकानातून थेट घरी या.

मुलांना पेनं आवडतात. खोडता येणारी फ्रिक्शन पेनं देताना एवढं सांगा की त्यांची शाई साधारण 60 अंशांना नाहीशी होते. परीक्षेच्या पेपरात आणि चेकवर ती वापरायची नाहीत. बाकी किरकोळ वाटायला दाइसो या स्वस्त वस्तूंच्या दुकानातल्या 110 येनच्या वस्तू आणि तेनुगुइ नावाचे सुती पंचे पुरेसे आहेत.

सुट्टीवरून परतताना ऑफिससाठी काहीतरी आणावंच लागतं. इथे त्याची अपेक्षा असते, बोलून दाखवत नाहीत इतकंच. एकेक नग स्वतंत्र वेष्टनात असलेला, माणसं मोजून, फार तुपकट नसलेला खाऊ आणा आणि घटक इंग्रजीत छापलेले असतील असा निवडा. हापूसची पेटी मात्र आणू नका. रोगमुक्ततेच्या सरकारी दाखल्याशिवाय ताजं फळ विमानतळावरच काढून घेतात, एक आंबा असला तरी. डबाबंद रस किंवा आंबापोळी चालते. मांसाचा कुठलाही पदार्थ, सँडविचमधला तुकडासुद्धा, आणायचा नाही. त्याला 30 लाख येनपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमानात मिळालेलं उरलेलं खाणं उतरण्याआधी तिथेच ठेवून या.