दाची: ऑग्सबर्गची आलुबुखाऱ्याची मिठाई

पुण्यात 'प्लम केक' म्हटलं की नाताळातला काळपट, मनुकांनी भरलेला केक आठवतो. त्यात प्लम औषधालाही नसतो. इथे दक्षिण जर्मनीत नेमकं उलटं आहे. बोटभर जाडीचा यीस्टचा तळ आणि त्यावर दीड किलो फळ. जर्मनीत इतरत्र याला त्स्वेचगनकुखन म्हणतात, बव्हेरियात त्स्वेचगनदाची, घरात नुसती दाची. मी बारा वर्षं राहतो त्या ऑग्सबर्गला तर लोक लाडाने 'दाचीबुर्ग' म्हणतात.

मला ती खालच्या मजल्यावरच्या आजींनी शिकवली, पण त्याआधी एक ट्रे वाया गेला. दुकानातून गोल, रसाळ प्लम आणले, भरपूर साखर पेरली आणि भाजायला ठेवले. वरून छान दिसलं, पण सुरी घातली तर खाली कच्चा लगदा. आजींनी एक फोड बोटांनी दाबली आणि म्हणाल्या, "ही फ्लाउमे. दाचीला त्स्वेचगे लागते." मग बराच वेळ त्या पाण्याबद्दलच बोलत होत्या. फळातलं पाणी कुठे जातं याच्यावर लक्ष ठेवलं की दाची जमली.

त्स्वेचगे म्हणजे लांबट, टोकांना निमुळतं, निळं-जांभळं फळ. वर पांढुरका थर असतो, द्राक्षांवर असतो तसा. गर पिवळसर आणि घट्ट, बी हाताने सुटते. गोल प्लमपेक्षा पाणी कमी, म्हणून भाजल्यावर फोड फोडच राहते. ऑगस्टमध्येच लवकरच्या जाती येतात. बाडेनमधल्या ब्यूल गावची त्यातली प्रसिद्ध, तिथे सप्टेंबरात त्स्वेचगेचा उत्सवच भरतो. पण मी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत थांबतो. देठापाशी सालीला बारीक सुरकुत्या पडल्या की फळ खरं गोड झालेलं असतं. बाजारात मी आधी देठच बघतो.

आता तळ. 30 बाय 40 सेंटिमीटरच्या ट्रेला 400 ग्रॅम मैदा, 180 मिली कोमट दूध, ताजं यीस्ट 20 ग्रॅम (इथल्या 42 ग्रॅमच्या वडीतलं जवळजवळ अर्धं, कोरडं असेल तर 7 ग्रॅम), साखर 60 ग्रॅम, मऊ लोणी 60 ग्रॅम, एक अंडं, चिमूटभर मीठ आणि एका लिंबाची किसलेली साल. यीस्ट दुधात विरघळवून सगळं एकत्र करा आणि दहा मिनिटं चांगलं मळा. आधी ते हाताला चिकटतं. तेव्हा मैदा वाढवायचा मोह आवरा, मळत राहिलं की आपोआप सुटतं. झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा, साधारण तासभर. थंडी असेल तर जास्त.

तेवढ्यात फळं. धुवायची ती चिरायच्या आधीच, लवकर धुतली तर थर जातो आणि ती टिकत नाहीत. फळावर एका बाजूला उभी खाच असते. तिथून चीर द्या, पुस्तकासारखं उघडा, बी काढा, दोन्ही अर्धुकं जोडलेली राहू द्या. मग प्रत्येक अर्धुकाला वरच्या टोकाला छोटी चीर, म्हणजे वर टोकं उभी राहतात आणि भाजताना तीच करपट, आंबटगोड होतात. हे काम कंटाळवाणं आहे पण प्रत्येक फळ उघडून बघायलाच हवं, आत कधीकधी अळी असते.

पीठ लोणी लावलेल्या ट्रेवर लाटून कडेपर्यंत पसरवा, कडा किंचित उचला. त्यावर दोन-तीन चमचे टोस्टचा कोरडा चुरा भुरभुरा, रवाही चालतो. खाली झिरपणारा रस तो पिऊन घेतो. आता फळं गराची बाजू वर ठेवून, तिरपी, एकावर एक अशी दाटीने रचा. कौलं घालतात तशी. मंगलोरी कौलांच्या छपराखाली वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. फळं पिठात हलकेच दाबत चला. दाची हे नावच त्या दाबण्यावरून आलं असं इथे सांगतात. विरळ रचू नका, भाजल्यावर फळ आक्रसतं आणि मधून नुसता पाव दिसतो. रचून झाल्यावर पंधरा मिनिटं तसंच ठेवा.

ओव्हन 190 अंशांवर आधी तापवा, ओटीजी असेल तर वरखालच्या दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्यापेक्षा एक खाच खाली. 35 ते 40 मिनिटं. तळाची कड उचलून बघा, खालून बदामी दिसली पाहिजे. साखर बाहेर काढल्यावरच पेरायची, दालचिनीची पूड मिसळून, फळ गरम असताना. आधी घातली की साखर रस ओढून काढते. माझा पहिला ट्रे त्यातच गेला. आजी वर मैदा-लोणी-साखरेचा चुरा, म्हणजे श्ट्रॉयझल, घालत नाहीत. बाकी जर्मनीत आवडीने घालतात, पण मला फळाची ती काळी टोकं उघडी दिसायला हवीत, म्हणून मीही घालत नाही.

दुपारी तीन-चारला कॉफीबरोबर, बाजूला फेटलेली साय. मात्र फाल्त्स भागातल्या मित्राकडे ती मला बटाट्याच्या खारट सूपबरोबर वाढली. एक घोट सूप, एक घास गोड. त्याला वाटलं मी दचकेन. पुरणपोळी आणि कटाची आमटी खाणाऱ्याला त्यात काय नवल!

महाराष्ट्रात करायची तर हिमाचलचे प्लम येतात तेव्हा, जून-जुलैत. ते गोल आणि रसाळ असतात, बीही सहज सुटत नाही. म्हणून टणकच निवडा, बीच्या कडेने फोडी कापा, चाळणीत अर्धा तास निथळा आणि टोस्टचा चुरा दुप्पट घाला. भाजायला पाच-सात मिनिटं जास्त लागतील. निथळलेला रस फेकू नका, साखर घालून आटवा आणि वाढताना सायीवर ओता.