मुलाखतीचा वार चुकवू नका

तुरुंगातल्या भेटीला 'मुलाखत' म्हणतात, हे मला धाकट्या भावाला अटक झाली तेव्हा कळलं. पुढे त्याला शिक्षा लागली आणि मध्यवर्ती कारागृहाच्या गेटवरची रांग हा आमच्या घराचा एक भागच झाला. त्या रांगेत आजही पहिल्यांदा आलेली एखादी बाई मुठीत आधारकार्ड धरून जो तो दिसेल त्याला विचारत असते. तिच्यासाठी हे लिहितेय.

आधी आपला माणूस कच्चा कैदी आहे की पक्का, ते नीट समजून घ्या. खटला चालू आहे तोवर तो कच्चा, कागदावर न्यायाधीन बंदी. शिक्षा लागली की शिक्षाबंदी. भेटी किती, कपडे कोणते, काम कोणतं, रजा मिळेल का, हे सगळं त्यावर ठरतं. कच्च्याला घरचे कपडे चालतात, भेटीही जास्त मिळतात. भेटीची नोंदणी 'ई-मुलाकात' या सरकारी संकेतस्थळावर होते, व्हिडिओ कॉलसुद्धा तिथूनच मागता येतो. नाव आधारकार्डावर आहे तसंच टाका. फोनसाठी तो आत जे नंबर देतो त्यांची पडताळणी होते, म्हणून सिमकार्ड बदलू नका. आमच्याकडे वहिनीने बदललं आणि कितीतरी दिवस फोनच आला नाही.

पहिल्या मुलाखतीत मधे काच, हातात इंटरकॉमचा रिसीव्हर. मी रडले, तो रडला, वेळ संपली. वकिलाचं काय झालं ते विचारायचंच राहिलं. तेव्हापासून मी चिठ्ठी घेऊन जायचे. आधी तब्येत आणि केस, मग घर. त्याला घरचं सगळं हवं असायचं. गोठ्याचे पत्रे बदलले का, विहिरीची मोटर कुठे दुरुस्त केली, कांदा काय भावाने गेला. 'सगळं ठीक आहे' म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा.

आणि एक शुक्रवार. मी येते म्हणाले होते, पण गावाकडे कार्य निघालं आणि गेले नाही. कळवलंही नाही. त्या दिवशी त्याने सकाळीच दाढी केली, सदरा धुवून घातला आणि मुलाखतीची नावं पुकारून संपेपर्यंत बराकीच्या दारापाशी उभा राहिला. हे त्याने मला फार नंतर सांगितलं. आत बाकी काहीच माणसाच्या हातात नसतं. तो भेटीचा वार तेवढा धरून असतो. जमणार नसेल तर आधीच 'नाही' म्हणा. महिन्यातून एकदाच जमत असेल तर एकदाच जा, पण ठरल्या दिवशी जा.

पत्रं जरूर लिहा. ती उघडून वाचली जातात, तेव्हा केसबद्दल त्यात काही लिहू नका. मी प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात आकडा घालायचे. सतरावं आलं आणि सोळावं नाही, हे त्याला लगेच कळायचं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. मुंबई-ठाण्यात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'प्रयास'चे कार्यकर्ते कित्येक वर्षं तुरुंगात काम करताहेत, तेही घरच्यांशी बोलतात. कच्चा कैदी पहिल्यांदाच आरोपी असेल आणि गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली बंधपत्रावर सुटू शकतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असले तरी नाही. वकिलाला हे स्वतःहून विचारा.

आतल्या कार्यक्रमांत त्याने नाव घालावं म्हणून मागे लागा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नूचे अभ्यासक्रम काही कारागृहांतून करता येतात आणि परीक्षा पास झालं की शिक्षेत माफी मिळते, म्हणजे शिक्षेचे काही दिवस कमी होतात. नाशिकरोडला बंदी शाडूचे गणपती घडवतात. आमचा भाऊ बारावीनंतर कॉलेजला गेलाच नव्हता. आत त्याने बीएचा फॉर्म भरला आणि मुलाखतीत आमच्याकडे बोलायला नवा विषय आला.

'गळाभेट' मात्र चुकवू नका. त्या दिवशी बंद्याला आपल्या मुलांना काच-जाळीशिवाय भेटता येतं. 'पोराला तिथे नेणार नाही' असं वहिनी दोन वर्षं म्हणत होती, मी तिला कधी आग्रह केला नाही. शेवटी तीच तयार झाली. भाचा आधी माझ्या पदरामागे लपला. भाऊ खाली बसला, हात पुढे केला नाही, नुसता बसून राहिला. मग पोरगा गेला आणि बापाच्या मनगटावरची सुतारकामातली खरचट बोटाने चाचपत म्हणाला, "दुखतं का?" परतताना एसटीत तो खिडकीशी बसून पुन्हा कधी जायचं ते विचारत होता.

शिक्षाबंद्याला रजा दोन प्रकारची. संचित म्हणजे फर्लो, ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळणारी. अभिवचन म्हणजे पॅरोल, घरी आजारपण-मृत्यूसारखं कारण असलं की मिळणारी. अर्जानंतर पोलीस घरी चौकशीला येतात, जामीनदाराचा जबाब घेतात. पहिल्या खेपेला आई खाकी कपडे बघून घाबरली, 'मला काही माहीत नाही' म्हणाली, आणि अर्ज फेटाळला गेला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा की पोलीस येतील, आणि काय विचारतील.

परतायची तारीख भिंतीवर लिहा. उशीर झाला तर माफी कापली जाते आणि पुढची रजाही अडते. आमचा भाऊ पहिल्या रजेवरून परतला त्या दिवशी आम्ही दुपारीच निघालो. गेटसमोरच्या टपरीवर चहा घेतला. त्याने खिशातली चिल्लर काढून माझ्या हातावर ठेवली, भाच्याच्या वह्यांसाठी म्हणाला, आणि ऊन उतरायच्या आत आत गेला.