टाइम झोन आणि डीएसटी: या चुका टाळा, प्लीज

डीएसटी म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे करायची पद्धत, बऱ्याच देशांत चालते. दरवर्षी मार्च उजाडला की तेच. एकजण मीटिंगला तासभर आधी येऊन एकटाच बसतो, दुसरा सगळं उरकल्यावर उगवतो आणि दोघंही म्हणतात कॅलेंडर गंडलंय. कॅलेंडर बरोबर असतं हो, तुम्ही दोन शहरांमधला तासांचा फरक पाठ करून ठेवलेला असतो.

फरक पाठ करणे

"न्यूयॉर्क-लंडन ५ तास" हे वर्षातले बहुतेक दिवस खरं असतं, म्हणूनच ते नडतं. अमेरिकेत २००७ पासून घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी, आणि मागे येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तर अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. म्हणजे २०२५ मध्ये ९ ते ३० मार्च आणि परत २६ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर फरक ४ तासांचाच होता. सिडनीचं तर विचारूच नका, तिकडे उन्हाळाच उलटा, त्यामुळे लंडनशी फरक जुलैत ९, डिसेंबरात ११ आणि अधलेमधले काही दिवस १०. मी हे आकडे डोक्यात ठेवतच नाही, दर वेळी शहर आणि तारीख टाकून बघतो. लोकांना तेवढाही धीर नसतो आणि मग "सॉरी, कन्फ्युजन झालं" चे मेल फिरतात.

जुलैत ईएसटी लिहिणे

ईएसटी ही न्यूयॉर्कची हिवाळ्यातली वेळ, जुलैत तिथे ईडीटी म्हणजे डीएसटीवाली वेळ असते. माणसं समजून घेतात, सॉफ्टवेअर घेईलच असं नाही. तसंही ही तीन अक्षरं बिनकामाची आहेत, सीएसटी म्हणजे शिकागो का शांघाय? आयएसटी तर भारत, आयर्लंड, इस्रायल तिघांचीही. शहराचं नाव लिहा, विषय संपला. आणि लंडन म्हणजे कायम जीएमटी नाही, ती त्यांची हिवाळ्यातली वेळ, उन्हाळ्यात ते एक तास पुढे असतं.

एक देश, एक नियम समजणे

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात डीएसटी नाही, पण त्यातल्या नवाहो नेशनमध्ये, म्हणजे नवाहो या मूळनिवासी जमातीच्या भागात, आहे, आणि नवाहोंच्या मधोमध असलेल्या होपी या दुसऱ्या जमातीच्या भागात परत नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन पाळत नाही, सिडनी पाळतं. तिथलंच लॉर्ड हाऊ बेट पाळतं पण अर्ध्याच तासाचं, आता बोला.

सगळं डोळे झाकून यूटीसीत ठेवणे

यावर मी जरा जास्तच बोलणार. नवीन डेव्हलपर कुठेतरी वाचतो की टाइम नेहमी यूटीसीत, म्हणजे डीएसटी नसलेल्या जागतिक प्रमाण वेळेत, सेव्ह करायचा, आणि मंत्र मिळाल्यासारखा जिकडे तिकडे तेच करत सुटतो. घडून गेलेल्या गोष्टींसाठी, लॉग, पेमेंट वगैरेसाठी, एकदम बरोबर. पुढच्या अपॉइंटमेंटसाठी मात्र चूक, कारण मधल्या काळात सरकार नियम बदलू शकतं.

आमच्याकडे दवाखान्यांचं एक बुकिंग ॲप आलं होतं, पेशंट सगळे मेक्सिकोतले. उन्हाळ्यातल्या चेकअपच्या वेळा लोकांनी बरेच महिने आधीच घेऊन ठेवलेल्या आणि सेव्ह फक्त यूटीसी, तेही डीएसटी धरून काढलेलं. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर मेक्सिकोने डीएसटी बंद केलं. एप्रिल २०२३ उजाडला, घड्याळं काही पुढे गेली नाहीत आणि मेक्सिको सिटीची सकाळी १० ची वेळ ॲपमध्ये ९ दिसायला लागली. पेशंट ९ ला हजर, डॉक्टरांचा पत्ता नाही. त्यावर टीममधल्या एका घाईवाल्याने काय करावं, तर डेटाबेसमधल्या पुढच्या सगळ्या वेळांमध्ये सरसकट एक तास वाढवला! त्याने जुनी बुकिंग सुधारली, पण टाइम झोनचा डेटा (कुठलं घड्याळ कधी बदलतं याची सॉफ्टवेअरमधली यादी) अपडेट झाल्यानंतर घेतलेली जी आधीच बरोबर होती ती ११ ला गेली. तिहुआनाचीही गेली, कारण अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या त्या शहरात डीएसटी चालूच राहिलं होतं. शेवटी एकेक बुकिंग कधी घेतलंय ते तपासत बसावं लागलं, आणि ते काम अर्थातच घाईवाल्याच्या वाट्याला आलं नाही.

माझी सवय अशी: भिंतीवरच्या घड्याळातली वेळ एका कॉलममध्ये, शहरावरून पडलेलं झोनचं नाव दुसऱ्यात, आणि यूटीसी तिसऱ्यात, पण ते फक्त हिशोबापुरतं. झोनचा डेटा अपडेट झाला की पुढच्या तारखांचं यूटीसी परत काढायचं. कॉलम वाढतो म्हणून कुरकुर करणारे भेटतात, करू देत.

आणि तो डेटा अपडेट ठेवा हो. मोरोक्को एरवी वर्षभर यूटीसीच्या एक तास पुढे असतं आणि रमजानपुरतं मागे येतं, रमजान दरवर्षी सरकतो. लेबनॉनने मार्च २०२३ मध्ये अगदी तोंडावर डीएसटी पुढे ढकललं, अर्ध्या देशाने ऐकलंच नाही, एकाच शहरात दोन वेळा चालल्या आणि काही दिवसांतच निर्णय फिरवला. हे नियम कोडमध्ये हाताने लिहिणाऱ्याला माझा नमस्कार.

बाकीच्या किरकोळ:

"उद्या याच वेळी" साठी २४ तास मिळवू नका, डीएसटी बदलतो तो दिवस २३ किंवा २५ तासांचा असतो.

फरक पूर्ण तासांचाच असतो असं धरू नका, नेपाळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे.

दिवस रात्री १२ लाच सुरू होतो असंही नाही. ब्राझीलने २०१९ मध्ये डीएसटी बंद केलं, त्याआधी तिथे घड्याळ मध्यरात्रीच पुढे जायचं, म्हणजे तो दिवस थेट १ वाजता सुरू.

अमेरिकन टाइमवर चालणाऱ्या सर्व्हरवर रात्री १ ते ३ मध्ये कुठलाही जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावू नका. अडीच वाजताचा मार्चमध्ये एक दिवस चालणारच नाही आणि दीड वाजताचा नोव्हेंबरात दोनदा चालू शकतो. मी सरळ पहाटे ४ ला लावतो.