आकडा उलटा उतरला तेव्हा

हायड्रोजनची गळती ओळखणारा पहिला सेन्सर बनवताना माझं गणित सरळ होतं. पॅलेडियम (एक धातू) हायड्रोजन शोषून घेतं, आत शिरलेले अणू इलेक्ट्रॉनांच्या वाटेत येतात, म्हणजे विजेला होणारा रोध वाढणार. काचेवर काही नॅनोमीटर जाडीचा थर दिला, दोन्ही टोकांना सिल्व्हर पेस्टने तारा चिकटवल्या आणि नायट्रोजनमध्ये मिसळलेला हायड्रोजन सोडला. मीटरवरचा आकडा भराभर उतरायला लागला. मी तारांची अदलाबदल करून पाहिली. (रोधाला दिशा नसते हे पदव्युत्तर विद्यार्थ्याला सांगायची वेळ येऊ नये, पण आली.)

गोम थरात होती. इतका पातळ थर सलग बसतच नाही. धातू बेटाबेटांनी साचतो, मध्ये बारीक फटी राहतात. हायड्रोजन शिरला की पॅलेडियम फुगतं. पुरेपूर भरलं तर त्याचं आकारमान साधारण दहा टक्क्यांनी वाढतं. मग शेजारची बेटं एकमेकांना टेकतात आणि विजेला नव्या वाटा मिळतात. सलग थरात रोध चढतो, तुटक थरात उतरतो. धातू तोच, वायूही तोच! रसायनशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेनर यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलेल्या पॅलेडियमच्या सूक्ष्म तारा याच तत्त्वावर चालत. त्या तारांमधल्या फटी हायड्रोजनने पहिल्यांदा फुगून आकसताना पडल्या होत्या. म्हणून नव्या नमुन्याची पहिली फेरी मी मोजमापात धरत नाही, आणि जाडीच्या आकड्यावर न थांबता थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघून घेतो.

दुसरी फजिती जास्त लाजिरवाणी. आलेख छान येत होता, वायू सोडला की वळत होता. सहज म्हणून नुसता नायट्रोजन त्याच वेगाने सोडला, तर आलेख तरीही थोडा वळला. वाहत्या वायूने थर गार होऊन त्याचा रोध बदलत होता आणि त्या बदलाला मी हायड्रोजन समजत होतो! तेव्हापासून हायड्रोजनच्या प्रत्येक फेरीआधी कोऱ्या नायट्रोजनची एक फेरी घेतो. त्याच्याही आधी काहीही न सोडता तासभर आकडा नोंदवत बसतो. कंटाळवाणं आहे, पण आकडा आपणहून किती सरकतो ते तिथेच कळतं.

हवेत हायड्रोजन सुमारे ४ टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो, त्यामुळे सुरुवात त्याच्या खूप खालच्या, तयार मिश्रणाच्या सिलिंडरनेच करा, तीही फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर खेचणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात). प्रमाण वाढवत नेलं तर आणखी एक गोष्ट दिसेल: चढताना आणि उतरताना आलेखाची वाट एक नसते, कारण जास्त हायड्रोजन मिळाला की पॅलेडियम वेगळ्याच प्रावस्थेत (अणूंच्या वेगळ्या मांडणीच्या स्थितीत) जातं. असा सेन्सर 'गळती आहे की नाही' एवढं सांगायला चांगला, अचूक टक्केवारी सांगायला नाही.

नायट्रोजनमध्ये काढलेले आकडे हवेत जसेच्या तसे लावू नका. हवेतला ऑक्सिजन पॅलेडियमच्या पृष्ठभागावरच हायड्रोजनशी जुळून पाणी करतो, आणि आत शिरायला हायड्रोजन कमी उरतो. मी दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढले, तेव्हा हवेतला बदल बराच लहान दिसला.