एक आवाज, एक गिटार: दुर्मीळ तबकडी नागपूरच्या घरात संगणकावर कशी उतरवावी

गायिका लिंडा परहॅक्स यांचा ‘पॅरललोग्राम्स’ हा अल्बम कॅप रेकॉर्ड्सने १९७० साली अमेरिकेत काढला. परहॅक्स तेव्हा कॅलिफोर्नियात दातांच्या दवाखान्यात काम करत असत, आणि तिथे रुग्ण म्हणून येणारे चित्रपट-संगीतकार लिओनार्ड रोझनमन यांनी त्यांची गाणी ऐकून अल्बमची निर्मिती केली. मात्र छापून आलेल्या तबकडीचा आवाज इतका दबलेला निघाला की परहॅक्स स्वतःच निराश झाल्या. अल्बम खपला नाही आणि त्या आपल्या नोकरीतच राहिल्या. १९९८ साली वाइल्ड प्लेसेस या छोट्या कंपनीने तो पुन्हा काढला, तेव्हा मूळ ध्वनिफिती हाती नसल्यामुळे आवाज एका जुन्या तबकडीवरून उतरवून घ्यावा लागला. परहॅक्स यांच्याकडील फितींवरून केलेली चांगली आवृत्ती नंतर आली. मधल्या काळात नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले ते तबकडीवरून उतरवलेलेच ध्वनिमुद्रण होते, आणि म्हणून हे काम मला अतिशय मोलाचे वाटते.

नागपुरात पहिली काळजी उन्हाची. १९७० ची मूळ प्रत मिळणे कठीण आणि महागही असते, त्यामुळे पुनर्मुद्रित प्रत मागवणेच शहाणपणाचे. पण ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मागवावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तर त्याहून बराच वर. तबकडीचे प्लास्टिक, म्हणजे विनाइल, साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि त्यावर वजन असेल तर त्याआधीच वाकते. टिनाच्या छताखालच्या खोलीत, कपाटावर आडव्या ठेवलेल्या माझ्या दोन तबकड्या एका नवतपात अशा वाकल्या की सुई त्यांवर टिकत नाही. तेव्हापासून मी तबकड्या घरातल्या सर्वांत थंड खोलीत उभ्या ठेवतो, पण कूलरच्या झोतात कधीच नाही, कारण त्या ओलाव्याने कागदी पाकिटांना बुरशी लागते.

उतरवण्याआधी तबकडी धुवावी. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर खाचांमध्ये बसतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. त्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचा एखादा थेंब पुरतो. मऊ कापड किंवा ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवावा, आडवा कधीही फिरवू नये, मधला कागदी लेबलाचा भाग कोरडा ठेवावा आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून तबकडी उभी वाळवावी. घरात आजोबांच्या वेळच्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या असतील, तर त्यांना अल्कोहोल असलेला कोणताही द्रव लावू नये. लाख त्यात विरघळते.

टर्नटेबल हलत्या टेबलावर न ठेवता भिंतीतल्या कडप्प्याच्या फळीवर ठेवावा. सुईचा दाब कार्ट्रिज (सुई ज्यात बसवलेली असते तो भाग) बनवणाऱ्याने सांगितला असेल तितकाच द्यावा. बऱ्याच कार्ट्रिजना तो दोन ग्रॅमच्या आसपास लागतो. दाब कमी ठेवला की तबकडी वाचते, हा समज चुकीचा आहे, कारण हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि खाचेच्या कडा जास्त खराब करते. कार्ट्रिजचा कोन चुकला असेल, तर त्याची फरफर प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात, म्हणजे केंद्राजवळच्या खाचांत, सर्वांत आधी ऐकू येते. त्यामुळे तपासणी पहिल्या गाण्यावर करू नये.

तबकडी कापताना खर्ज कमी आणि तार स्वर वाढवून ठेवलेले असतात; फोनो प्रीअँप ते पूर्ववत करतो. तो नसेल तर आवाज पातळ आणि कर्कश येईल. प्रीअँपमधून ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकाला घेता येईल अशा रूपात बदलणारी पेटी) आणि तिथून संगणक, अशी जोडणी करावी. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. सतत घुं असा आवाज येत असेल, तर टर्नटेबलची अर्थिंगची तार प्रीअँपला नीट जोडली आहे का, ते आधी पाहावे. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर मुद्रण केल्यास वीस मिनिटांच्या एका बाजूला सुमारे ७०० एमबी जागा लागते. सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. मी हे काम रात्री अकरानंतर, कूलर आणि पंखा दोन्ही बंद करून करतो. कूलरची थरथर फरशीतून सुईपर्यंत पोहोचते, आणि एकदा मुद्रणात आली की ती काढता येत नाही.

यापुढचा भाग खरा नाजूक आहे. वाद्यवृंदाच्या मुद्रणात थोडी खरखर झाकली जाते. पण जिथे एकच गळा आणि एक गिटार आहे, तिथे दोन स्वरांमधली शांतताही संगीतच असते. खरखर काढण्याची आज्ञा सरसकट संपूर्ण गाण्यावर चालवली, की तारेवरून बोट सरकल्याचा आवाज, शब्दाआधी घेतलेला श्वास आणि विरत जाणारा प्रतिध्वनी हे सगळे खरखरीसोबत पुसले जाते. ‘पॅरललोग्राम्स’ या शीर्षकगीतात तर मध्यभागी गाण्याची चौकट सुटते, एकावर एक रचलेले आवाज प्रतिध्वनीत तरंगत राहतात आणि मग मूळ चाल परत येते. त्या भागातली धूसरता मुद्दाम आणलेली आहे. सॉफ्टवेअरला ती दोष वाटेल, आपल्याला वाटता कामा नये. म्हणून टचटच करणारे मोठे ओरखडे तेवढे एकेक निवडून, हेडफोन लावून, हाताने दुरुस्त करावेत आणि बारीक सळसळ तशीच राहू द्यावी. तबकडीच्या एका बाजूसाठी मला दोन रात्री लागतात. घाई केली तेव्हा मला पुन्हा पहिल्यापासून उतरवावे लागले.

दुरुस्ती न केलेली मूळ फाइल वेगळी जपावी. प्रती फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता फाइल लहान करणाऱ्या) स्वरूपात दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात आणि फाइलच्या नावात आवृत्तीचे वर्ष, बाजू आणि उतरवल्याची तारीख लिहावी. हे मुद्रण आपल्याच ऐकण्यासाठी आहे. परहॅक्स आणि त्यांच्या प्रकाशकांचे हक्क कायम आहेत, त्यामुळे ते कुठेही चढवू नये. तबकडी कव्हरात परत सरकवताना आतल्या पाकिटाचे तोंड कव्हराच्या बंद असलेल्या वरच्या बाजूला वळवून ठेवावे, म्हणजे उन्हाळ्यातली धूळ सरळ आत उतरत नाही.