अगस्ती ऋषी पोरांना आकाशात कसे दाखवायचे (खास सातारा-सांगलीकरांसाठी)

अगस्तींची गोष्ट नुसती सांगितली की पोरांच्या डोक्यात 'समुद्र पिणारा बाबा' एवढंच राहतं. त्यापेक्षा आधी त्यांच्या नावाचा अगस्ती तारा दाखवा मग गोष्ट सांगा, कारण या ऋषींची निम्मी गोष्ट तो तारा आकाशात कुठं दिसतो त्यातच आहे.

आधी टायमिंग. आपल्याकडं जानेवारीच्या शेवटी रात्री साडेदहाच्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला साडेनऊच्या आत आणि मार्च लागला की साडेआठलाच अगस्ती बरोबर दक्षिणेला सगळ्यात वर असतो, रोज साधारण ४ मिनिटं लवकर. पोरांच्या झोपेचा विचार केला तर फेब्रुवारीच बेस्ट. चांदणं असलं तरी काही बिघडत नाही, व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा हाच (ग्रह सोडून).

आता जागा. दक्षिण मोकळी पाहिजे, आणि इथंच सातारकरांची गोची होते कारण अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेलाच उभा आहे. तारा क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर येतो, त्यामुळं किल्ल्याला अगदी खेटून घर असेल तर गच्चीवरनं बघून उपयोग नाही, डोंगरच आडवा येतो. जरा उत्तरेकडं लांब सरका नाहीतर सरळ यवतेश्वरच्या पठारावर जा, थंडी लय असते, स्वेटर-कानटोपी न्या. सांगली-मिरजेकडं सपाट रान आहे, तिथं हा प्रॉब्लेम नाही, फक्त ऊस डोक्यावर गेलेला असेल तर बांधावर उभं राहू नका आणि शेजारी कुणी पाचट पेटवलं असेल तर त्या दिवशी नादच सोडा, धुरात खालचे तारे दिसत नाहीत.

दक्षिणेकडं तोंड करून उभं राहा. बरंच वर मृग नक्षत्र दिसेल, मधले तीन तारे एका ओळीत, तोच व्याधानं मारलेला बाण. ती ओळ डावीकडं खाली वाढवली की व्याध सापडतो, निळसर पांढरा, चुकणं शक्यच नाही. आता हात ताठ करून मूठ धरा (एक मूठ म्हणजे साधारण १० अंश) आणि व्याधापासून खाली साडेतीन मुठी मोजा, किंचित उजवीकडं. तिथं एकटाच ठळक तारा दिसला की झालं. क्षितिजाजवळ असल्यामुळं कधी लाल कधी हिरवा असा लुकलुकतो, पोरं लगेच विमान म्हणतात, दोन मिनिटं थांबायला सांगा, विमान असेल तर सरकेल. दुर्बीण लागत नाही. मोबाईलचा टॉर्च मात्र बंद ठेवा, तारे ओळखायचं ॲप नंतर उघडा.

मग गोष्ट. विंध्य पर्वत रुसला होता, सूर्य मेरूलाच प्रदक्षिणा घालतो मला का नाही म्हणून, आणि वाढत वाढत सूर्याची वाटच अडवायला निघाला. अगस्ती म्हणाले मला दक्षिणेला जायचंय, वाट दे आणि मी परत येईपर्यंत असाच राहा. विंध्य वाकला, ऋषी गेले ते परत आलेच नाहीत. आता इथं पोरांना विचारा की दिल्लीवरनं हा तारा किती वर दिसत असेल? ९ अंशसुद्धा नाही, आणि कन्याकुमारीला जवळजवळ २९. म्हणजे दक्षिणेला जावं तसा अगस्ती वर चढतो. तमिळ लोक तर त्यांना आपल्या भाषेचे पहिले व्याकरणकार मानतात.

समुद्र प्यायची गोष्ट पोरांना माहीत असते, ती झटकन उरका. त्यापेक्षा महाभारतातली लोपामुद्रेची सांगा. बायकोला संसाराला पैसा हवा म्हणून ऋषी एका मागोमाग तीन राजांकडं गेले, प्रत्येकाचा जमाखर्च बघितला, जमा तेवढाच खर्च, मग घेतलं तर प्रजेच्या तोंडचं जाईल म्हणून काहीच घेतलं नाही! मला ही गोष्ट समुद्रापेक्षा भारी वाटते. शेवटी सगळे इल्वल राक्षसाकडं गेले, त्यानं भाऊ वातापीला मेंढा करून रांधून वाढला, आणि पोट फाडून बाहेर ये म्हणून भावाला हाक मारायच्या आत ऋषींनी पचवून टाकला. जेवण झाल्यावर 'वातापी जीर्णो भव' म्हणत पोटावरनं हात फिरवणारे आजोबा अजून सापडतात. बदामीचं जुनं नाव वातापीच, सांगलीकरांना ते काही फार लांब नाही. आणि प्रवरेकाठी अकोल्याला (नगरकडचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे) अगस्तींचा आश्रम आहे, त्यांच्या नावानं साखर कारखानासुद्धा आहे, हे ऐकून आपल्याकडची पोरं हमखास हसतात.

मे महिन्यात तारा मावळतीच्या उजेडात जातो, पंचांगात 'अगस्ती लोप' लिहिलेलं असतं ते हेच. ऑगस्टच्या उत्तरार्धात पहाटे परत दिसायला लागतो आणि काही घरांत भाद्रपदात त्याला अर्घ्य देतात, पण साताऱ्याचा पाऊस बघता पहाटे उठून ढगच बघावे लागतील, सप्टेंबर सरू द्या.